ब्राउझरच्या टूलबारवरील छोटे बटण आणि त्यामागची मोठी परवानगी

नवी दिल्ली : संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स उघडल्यावर संकेतस्थळाचा पत्ता लिहिण्याच्या पट्टीशेजारी काही छोटी चिन्हे दिसतात. एखादे चिन्ह शब्दाचा अर्थ दाखवते, एखादे जाहिराती अडवते, तर एखादे पानाचा अनुवाद करून देते. ब्राउझरला बाहेरून जोडल्या जाणाऱ्या या छोट्या आज्ञावल्यांना एक्सटेन्शन म्हणतात आणि ही चिन्हे म्हणजे त्यांची टूलबारवरील बटणे होत. असे बटण तयार करणे हे पंधरा-वीस ओळींचे काम आहे. मात्र त्या ओळी कशा लिहिल्या आहेत, यावरून ते एक्सटेन्शन केवळ वापरकर्त्याने सांगितल्यावर काम करणार, की उघडलेले प्रत्येक पान त्याच्या नकळत वाचू शकणार, हे ठरते. बँक, पत्रव्यवहार आणि सरकारी कागदपत्रे यांचे बहुतेक व्यवहार ब्राउझरमधून होत असल्याने हा फरक समजून घेणे आवश्यक ठरते.

पट्ट्यांच्या गर्दीतून एका बटणापर्यंत

ब्राउझरमध्ये बाहेरच्या आज्ञावलीला शिरकाव देण्याची सुरुवात जुनी आहे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये १९९७ पासून अशी जोडणी शक्य झाली. पुढे या ब्राउझरमध्ये संपूर्ण टूलबारच बसवता येऊ लागले. गुगलने आपला टूलबार डिसेंबर २००० मध्ये आणला. त्यानंतर मोफत सॉफ्टवेअरसोबत नकळत येऊन बसणाऱ्या टूलबारांचा सुळसुळाट झाला. एकाखाली एक रचलेल्या पट्ट्यांमुळे मूळ पान पाहण्यास जेमतेम जागा उरलेली, हे दृश्य त्या काळातील सायबर कॅफेंमध्ये नित्याचे होते.

फायरफॉक्सने २००४ मधील पहिल्या आवृत्तीपासून एक्सटेन्शनना मोठे स्वातंत्र्य दिले होते. एक्सटेन्शन थेट ब्राउझरच्या रचनेत हात घालून हवे तेथे बटण, यादी किंवा पट्टी बसवू शकत असे. या मोकळीकीची किंमतही होती. ब्राउझरची नवी आवृत्ती आली की जुनी एक्सटेन्शन बंद पडत आणि त्यांना ब्राउझरच्या आतील जवळपास सर्वच गोष्टींपर्यंत पोहोचता येत असे.

जानेवारी २०१० मध्ये क्रोमच्या सर्वसाधारण आवृत्तीत एक्सटेन्शनची सोय झाली, तेव्हा वेगळा मार्ग निवडण्यात आला. प्रत्येक एक्सटेन्शनला टूलबारवर एकच बटण मिळेल आणि ते ब्राउझरने आखून दिलेल्या चौकटीतच काम करेल, असा हा मार्ग होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या ५७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सनेही जुनी पद्धत सोडून याच धर्तीची व्यवस्था स्वीकारली. जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही क्रोमच्याच पायावर उभा आहे. त्यामुळे एकदा लिहिलेले बटण आता थोड्याफार फरकाने या तिन्ही ब्राउझरमध्ये चालते.

बटण कसे तयार होते?

एक साधे उदाहरण घेऊ. मराठी संकेतस्थळांवरील बारीक अक्षरे एका क्लिकने मोठी करणारे एक्सटेन्शन तयार करायचे आहे. त्यासाठी संगणकावर एक फोल्डर तयार करून त्यात ‘मॅनिफेस्ट डॉट जेसन’ या नावाची फाइल ठेवावी लागते. ही फाइल म्हणजे एक्सटेन्शनचे ओळखपत्र आणि अर्ज दोन्ही होय. एक्सटेन्शनचे नाव, त्याची आवृत्ती आणि ते मॅनिफेस्टच्या कोणत्या पद्धतीनुसार लिहिले आहे, हे तीत नमूद करणे बंधनकारक असते. सध्या क्रोममध्ये तिसरी पद्धत लागू आहे.

बटणासाठी याच फाइलमध्ये ‘ॲक्शन’ या नावाचा भाग जोडला जातो. त्यात तीन गोष्टी सांगता येतात. पहिली, बटणावरील चित्र. निरनिराळ्या पडद्यांवर ते स्पष्ट दिसावे म्हणून १६, २४, ३२ पिक्सेल अशा वेगवेगळ्या आकारांत ते देणे योग्य ठरते. चित्र दिले नाही, तर क्रोम एक्सटेन्शनच्या नावाचे पहिले अक्षर घेऊन साधे चिन्ह तयार करतो. दुसरी, बटणावर माउसचा बाण नेल्यावर दिसणारी छोटी सूचना. तिसरी आणि ऐच्छिक गोष्ट म्हणजे बटण दाबल्यावर उघडणारी छोटी खिडकी. जुन्या पद्धतीत सर्व पानांवर चालणारे बटण आणि ठरावीक पानांपुरते बटण असे दोन निराळे प्रकार होते. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या क्रोमच्या ८८व्या आवृत्तीपासून तिसऱ्या पद्धतीत ते ‘ॲक्शन’ या एकाच नावाखाली आले.

फोल्डर तयार झाल्यावर क्रोमच्या एक्सटेन्शन व्यवस्थापनाच्या पानावर ‘डेव्हलपर मोड’ सुरू करून ते थेट ब्राउझरमध्ये चढवता येते. फायरफॉक्समध्येही तात्पुरते चढवण्याची सोय आहे, मात्र ब्राउझर बंद होताच असे एक्सटेन्शन निघून जाते.

क्लिक झाल्यावर काय घडते?

येथे नवशिक्या प्रोग्रामरची हमखास गफलत होते. बटणाचे दोन मार्ग आहेत आणि एका वेळी त्यातील एकच चालतो. मॅनिफेस्टमध्ये छोटी खिडकी नेमून दिली असेल, तर क्लिक केल्यावर ती खिडकी उघडते आणि क्लिक झाल्याची सूचना आज्ञावलीला स्वतंत्रपणे मिळत नाही. खिडकी दिली नसेल, तरच ती सूचना पार्श्वभूमीत थांबलेल्या फाइलपर्यंत पोहोचते. दोन्ही एकत्र लिहून ‘बटण दाबले तरी काहीच होत नाही’ या कोड्यात अडकणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

अक्षरे मोठी करण्यासाठी खिडकीची गरज नाही. वापरकर्त्याने बटण दाबले की पार्श्वभूमीतील फाइल जागी होते, समोरचा टॅब कोणता हे तिला कळते आणि त्या पानावरील अक्षरांचा आकार वाढवण्याची आज्ञा ती पाठवते. ही फाइल सतत चालू नसते. क्रोममध्ये सुमारे ३० सेकंद काही काम नसेल, तर ती बंद केली जाते. छोटी खिडकीही बाहेर कोठे क्लिक केले की नाहीशी होते. त्यामुळे वापरकर्त्याने निवडलेला अक्षरांचा आकार लक्षात ठेवायचा असेल, तर तो ब्राउझरच्या साठवणीत स्वतंत्रपणे जतन करावा लागतो. फायरफॉक्ससाठी पार्श्वभूमीतील फाइलची नोंद मॅनिफेस्टमध्ये थोड्या वेगळ्या प्रकारे करावी लागते.

परवानगीचे दोन मार्ग

एखाद्या पानावरील अक्षरे बदलायची, तर एक्सटेन्शनला त्या पानापर्यंत पोहोचण्याची परवानगी हवी. ती मिळवण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सर्व संकेतस्थळांची कायमची परवानगी मागण्याचा. एक्सटेन्शन बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरील आपली सर्व माहिती वाचणे आणि बदलणे’ अशा अर्थाचा इशारा दिसतो, तो याच मागणीमुळे. ती मान्य झाली की वापरकर्त्याने बटणाला हातही लावला नाही तरी एक्सटेन्शन बातम्यांचे पान, ईमेल आणि बँकेचे खाते या सर्वांवर काम करू शकते.

दुसरा मार्ग ‘ॲक्टिव्ह टॅब’ या परवानगीचा. यात बटण दाबणे हीच संमती मानली जाते. क्लिक केल्यावर केवळ समोरच्या टॅबपुरता प्रवेश मिळतो. त्या टॅबमध्ये दुसरे संकेतस्थळ उघडले किंवा टॅब बंद केला की तो संपतो. या परवानगीसाठी बसवताना कोणताही इशारा दाखवला जात नाही, कारण वापरकर्त्याच्या कृतीविना तिचा उपयोगच होत नाही. अक्षरे मोठी करणाऱ्या आपल्या एक्सटेन्शनला एवढी परवानगी पुरेशी आहे.

अर्थात, प्रत्येक व्यापक मागणी संशयास्पद नसते. जाहिराती अडवणाऱ्या किंवा पासवर्ड भरून देणाऱ्या एक्सटेन्शनला पान उघडताक्षणी काम करावे लागते, क्लिकची वाट पाहून चालत नाही. मात्र शब्दकोश, रंग ओळखणारे साधन किंवा पानाचे छायाचित्र टिपणारे साधन यांनी सर्व संकेतस्थळांची परवानगी मागितली, तर ती कशासाठी, हा प्रश्न विचारायला हवा.

मालक बदलला, बटण तेच

या प्रश्नाचे महत्त्व ‘द ग्रेट सस्पेंडर’च्या उदाहरणातून लक्षात येते. वापरात नसलेले टॅब झोपवून संगणकाची मेमरी वाचवणारे हे एक्सटेन्शन लाखो लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याच्या स्वाधीन केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक आज्ञावली असल्याचे सांगून गुगलने ते दुकानातून हटवले आणि वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्येही बंद केले. मधल्या काळात टूलबारवरील बटण बदलले नव्हते, बदलले होते ते त्यामागचे हात.

डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातील कंपनीच्याच एक्सटेन्शनची दूषित आवृत्ती प्रसिद्ध झाली. कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसव्या ईमेलच्या जाळ्यात ओढून हल्लेखोरांनी ही आवृत्ती क्रोमच्या अधिकृत दुकानातून पुढे ढकलली होती.

दोन्ही घटनांमागील धागा एकच आहे. एक्सटेन्शन आपोआप अद्ययावत होत असतात. नव्या आवृत्तीने इशारा देण्याजोगी आणखी परवानगी मागितली, तर क्रोम ते एक्सटेन्शन बंद करून वापरकर्त्याची पुन्हा मान्यता घेतो. पण व्यापक परवानगी आधीच दिलेली असेल, तर पुन्हा विचारण्याचे कारणच उरत नाही. जुन्या मालकावर विश्वास ठेवून दिलेली किल्ली नव्या मालकाच्या किंवा चोराच्या हाती तशीच जाते. ‘ॲक्टिव्ह टॅब’वर चालणाऱ्या एक्सटेन्शनबाबत धोका पूर्णपणे टळत नाही, कारण बँकेच्या पानावर ते बटण दाबले तर त्या पानाचा प्रवेश मिळतोच. परंतु हानीची व्याप्ती वापरकर्त्याने स्वतः केलेल्या क्लिकपुरती राहते.

बटण दिसत का नाही?

नवे एक्सटेन्शन बसवूनही बटण दिसत नाही, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. २०२० पासून क्रोममध्ये नवी एक्सटेन्शन कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हाखालील यादीत जातात. यादीतील टाचणीच्या चिन्हावर क्लिक केल्यावरच बटण टूलबारवर येते. फायरफॉक्सनेही जानेवारी २०२३ मधील १०९व्या आवृत्तीत सर्व एक्सटेन्शन एकत्र दाखवणारे असेच बटण आणले. क्रोममध्ये स्वतःला टूलबारवर टाचून घेण्याचा अधिकार एक्सटेन्शनला नाही. आपले बटण टूलबारवर आहे की नाही, एवढेच ते तपासू शकते. ती जागा देण्याचा निर्णय वापरकर्त्याचा असतो. कार्यालयीन संगणकांवर मात्र संस्थेचा व्यवस्थापक तो घेऊ शकतो.

अँड्रॉइड फोनवरील नेहमीच्या क्रोममध्ये ही सोय नाही. फायरफॉक्सच्या अँड्रॉइड आवृत्तीत डिसेंबर २०२३ पासून अनेक एक्सटेन्शन खुली झाली असून तेथे ती मेनूमधून वापरता येतात.

बटण मराठीतून बोलू शकते

बटणावरील सूचना मराठीत दाखवण्याची व्यवस्था ब्राउझरमध्येच आहे. एक्सटेन्शनच्या फोल्डरमध्ये प्रत्येक भाषेसाठी शब्दांची स्वतंत्र फाइल ठेवता येते आणि क्रोमने मान्य केलेल्या भाषांच्या यादीत मराठीचा समावेश आहे. ब्राउझरची भाषा मराठी असल्यास नाव, वर्णन आणि बटणावरील सूचना आपोआप मराठीत दिसतात. बटणाच्या कोपऱ्यात आकडा किंवा छोटा शब्द दाखवणारी पट्टीही जोडता येते, पण तीत साधारण चारच अक्षरे मावतात. त्यामुळे तेथे आकडा देणेच श्रेयस्कर.

ही केवळ सजावट नाही. देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असायला हवी आणि ती स्पष्ट होकारार्थी कृतीतून दिसायला हवी. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्यायही कायद्याने दिला आहे. मराठी ही त्या अनुसूचीतील भाषा आहे. आपण कशाला होकार देत आहोत हे स्वतःच्या भाषेत समजले, तरच त्या होकाराला अर्थ उरतो.

वापरकर्त्याने काय पाहावे?

क्रोममध्ये एक्सटेन्शनच्या तपशिलाच्या पानावर त्याला कोणत्या संकेतस्थळांचा प्रवेश आहे, हे दिसते. ऑक्टोबर २०१८ मधील ७०व्या आवृत्तीपासून हा प्रवेश ‘क्लिक केल्यावर’ किंवा ठरावीक संकेतस्थळांपुरता मर्यादित करता येतो. म्हणजेच निर्मात्याने व्यापक परवानगी मागितली असली, तरी वापरकर्ता ती क्लिकपुरती आणू शकतो. फायरफॉक्समध्ये एक्सटेन्शनच्या व्यवस्थापन पानावरील परवानग्यांच्या विभागात ही माहिती मिळते.

न वापरलेली एक्सटेन्शन काढून टाकणे, उरलेल्यांपैकी कोणाला सर्व संकेतस्थळे खुली आहेत ते पाहणे आणि ज्यांना गरज नाही त्यांचा प्रवेश क्लिकपुरता मर्यादित करणे, ही तिन्ही कामे काही मिनिटांत होतात. एक्सटेन्शन लिहिणाऱ्यांसाठी पथ्य याहून सोपे आहे : बटणाने काम भागत असेल, तर त्याहून अधिक मागू नये.