थंडींतील कोंबड्यांची निगा

दिवाळी सरली कीं सातारा व सांगली जिल्ह्यांत थंडी निरनिराळ्या रूपांनीं उतरते. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं कधीं कधीं दंव गोठतें. कृष्णाकांठीं सकाळीं धुकें दाटतें. माण, खटाव व जत या कोरड्या भागांत दुपारीं ऊन तर रात्रीं कडाका असतो. अशा एखाद्या पहाटे खुराड्याचें दार उघडावें, तों लहान पिलें कोपऱ्यांत एकमेकांखालीं चेंगरून मेलेलीं आढळावीं आणि घरच्या बाईची मीठमिरचीच्या पैशांची आशा एका रात्रींत मावळावी, असें पुष्कळदां घडतें.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे सर्व फटी बुजवून खुराडें गच्च बंद करणें. परंतु हाच उपाय अपायकारक ठरतो. कोंबडीच्या अंगची उष्णता सुमारें ४१ अंश सेल्सिअस असते व पिसांत कोंडलेल्या हवेमुळें ती टिकते. मोठ्या कोंबडीला कोरडी थंडी सोसते. सोसत नाहीं ती ओल. बंद खुराड्यांत श्वासाची वाफ व विष्ठेंतून निघणारा उग्र अमोनिया वायु सांचतो आणि त्यानें डोळे व श्वासमार्ग बिघडतात. म्हणून वाऱ्याच्या बाजूस कोंबड्या बसतात त्या उंचीच्या थोडें वरपर्यंत गोणपाट लावावें. छपराखालची फट मात्र मोकळी ठेवावी.

जमिनीवर तीन-चार इंच कोरडें अंथरूण असावें. जावळी, पाटण, शिराळा या भातपिकाच्या भागांत तूस हाताशी असतो. तो वरचेवर हलवावा व भिजलेला भाग त्याच दिवशीं काढावा. कऱ्हाड-वाळव्याकडे छपरावर उसाचें पाचट पसरतां येतें. सायंकाळीं मका किंवा ज्वारीचे दाणे टाकल्यास त्यांच्या पचनानें रात्रीं ऊब मिळते.

पिलांची गोष्ट निराळी. पिसें फुटेपर्यंत त्यांस स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. खुडूक कोंबडी पोटाखालीं घेत असेल तर उत्तमच. नाहीं तर विजेच्या दिव्याखालीं पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश उष्णता ठेवून पुढें दर आठवड्यास सुमारें ३ अंशांनीं ती उतरवावी. पिलें दिव्याखालीं गर्दी करूं लागलीं तर ऊब कमी. दूर जाऊन धापा टाकूं लागलीं तर अधिक. सारखीं पसरून खेळूं लागलीं तर ती बेताची समजावी. भोंवतीं पत्र्याचें गोल कडें केल्यास चेंगरावयास कोपराच उरत नाहीं. बंद जागेंत कोळशाची शेगडी मात्र कदापि ठेवूं नये. तिचा विषारी वायु थंडीहूनहि लवकर घात करतो.

कोरडी जमीन, आडोसा आणि खेळती हवा एवढें सांभाळलें, तर संध्याकाळीं मोजून कोंडलेलीं पिलें सकाळीं तितकींच बाहेर पडतात.