एका कातड्याचा जोडा

जोडा म्हटला म्हणजे खाली जाड तळ, त्यावर पाऊल टेकण्यासाठी आतले कातडे, आणि त्यांच्या कडांशी वरून आणून शिवलेला आच्छादनाचा भाग, अशी जी रचना आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते, ती युरोपीय बुटाची होय. उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडील अरण्यमय प्रदेशात राहणाऱ्या मूळच्या जमातींनी शतकानुशतके जे पादत्राण वापरले, त्याची कल्पनाच निराळी आहे. मृगचर्माचा एकच तुकडा पावलाखालून घेऊन दोन्ही अंगांनी वर चढवावयाचा, चवड्याभोवती त्याच्या बारीक चुण्या करून त्या एका लंबवर्तुळाकार तुकड्याला शिवून टाकावयाच्या, टाचेमागे एक शिवण घालावयाची, की मोकॅसिन तयार होतो. बुटात पाऊल फळीवर उभे राहावे तसे असते; येथे ते झोळीतल्या मुलासारखे कातड्यात विसावते, आणि झोळी जशी मुलाच्या भाराने आपला आकार धरते तसे हे कातडेही धरते.

मोकॅसिन कसा निवडावा व त्याची निगा कशी राखावी यासंबंधी जे नियम जाणते लोक सांगतात, ते बहुतेक याच रचनेतून निघालेले आहेत. आणि ती ध्यानात न घेता जे ग्राहक बुटाच्या हिशेबाने मोकॅसिन खरेदी करतात, तेच पुढे तो ढगळ झाल्याची तक्रार घेऊन दुकानदाराशी हुज्जत घालीत बसतात.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी हे पादत्राण उचलले, त्याला खाली आणखी एक तळ जोडला, आणि कालांतराने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेन हे संस्थान या धंद्याचे माहेरघर बनले. विल्टन या गावी जॉर्ज हेन्री बास यांनी १८७६ साली जोड्यांच्या धंद्यास आरंभ केला. त्यांच्याच पेढीने १९३६ मध्ये नॉर्वेतील एका पादत्राणाच्या धर्तीवर ‘वीजन्स’ नावाचा बिननाडीचा जोडा बाजारात आणला व महाविद्यालयीन तरुणांत तो कमालीचा लोकप्रिय झाला. ल्युइस्टन आणि ऑबर्न या जोडशहरांत कॅनडातून आलेल्या फ्रेंचभाषक कुटुंबांतील स्त्रीपुरुष जोड्यांच्या कारखान्यांतून राबत असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी मालाच्या स्वस्ताईपुढे त्यांतील बहुतेक कारखाने बंद पडले. ल्युइस्टनमध्ये हातशिलाईचा शिरस्ता आजही चालू ठेवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

हे हातशिलाईचे काम पाहण्यासारखे असते. कातडे भिजवून मऊ करतात, लाकडी किंवा प्लास्टिकच्या फर्म्यावर ताणून चुकांनी ठोकून बसवितात, आणि मग कारागीर आरीने एकेक छिद्र पाडून मेण लावलेल्या एकाच दोऱ्याची दोन्ही टोके, दोन सुयांनी, त्याच छिद्रातून परस्परविरुद्ध दिशांनी ओढून घेतो. बाजूच्या कातड्याचा घेर मोठा आणि चवड्यावरील तुकड्याचा लहान असल्यामुळे प्रत्येक टाक्याला थोडेथोडे जास्तीचे कातडे आत घ्यावे लागते, आणि ते दोन्ही अंगांना समसमान घेतले गेले तरच चुण्या रेखीव पडतात. या अंदाजाला मोजपट्टी नाही. कातडे वाळले की फर्म्याचा आकार त्यात कायम होतो. यंत्राने घातलेली नुसती शोभेची शिवण आणि ही शिवण यांतला भेद ओळखावयाचा असेल तर जोड्यात हात घालून पाहावे: बाजूचे कातडे अखंडपणे पावलाखाली गेलेले लागले तर तो खरा मोकॅसिन, कडेशी संपून पुढे पुठ्ठ्याचा तळ लागला तर ते सोंग समजावे.

बोट शू हा याच घराण्यातला, पण त्याचा तळ एका निराळ्या माणसाच्या डोक्यातून निघाला. कनेक्टिकटचा पॉल स्पेरी हा शिडाच्या नौका चालविण्याचा शौकीन. ओल्या डेकवर पाय घसरण्याचा अनुभव त्याला आलेला होता. आपला प्रिन्स नावाचा कुत्रा बर्फावरून न घसरता धावतो हे पाहून त्याने त्याचे तळवे निरखले, त्यांवरील बारीक भेगांसारख्या रेषा त्याला दिसल्या, आणि रबराच्या तळावर तशाच नागमोडी चिरा पाडून १९३५ साली त्याने ‘टॉप-सायडर’ तयार केला. प्रारंभी तो कापडी होता. चामड्याचा मोकॅसिन त्यावर पुढे आला. अमेरिकी नौदलानेही आपल्या खलाशांसाठी तो पसंत केला. पाऊल वाकले की या चिरा उघडतात, तळाखालचे पाणी त्यांत शिरते व रबराच्या असंख्य धारा थेट लाकडाला भिडतात. तळ पांढरा ठेवण्याचे कारणही व्यवहारी आहे, काळ्या रबराचे ओरखडे डेकवर उमटतात. हाच तळ खडबडीत डांबरी रस्त्यावर रोज झिजवला तर धारा बोथट होतात आणि चिरांत बारीक खडे अडकून बसतात. जहाजावर ज्याची ख्याती, तो जोडा रस्त्यावर लवकर म्हातारा होतो, यात त्याचा दोष नाही.

आता मापाविषयी. कमावलेले कातडे रुंदीत सैल पडते, लांबीत जवळपास नाही, ही गोष्ट प्रथम मनाशी पक्की करावी. मोकॅसिनमध्ये कातड्याला आवरून धरणारा ताठर सांगाडा नसल्यामुळे ते सैलावणे बुटापेक्षा पुष्कळ अधिक असते. म्हणून विकत घेतेवेळी जोडा दोन्ही बाजूंनी घट्ट लागला पाहिजे, इतका की मनात क्षणभर शंका यावी. मात्र बोटांची टोके पुढे टेकता कामा नयेत, आणि पायाला मुंग्या येत असतील तर तो घट्टपणा नव्हे, चुकीचे माप होय. अमेरिकेत पावलाचे माप घेण्यासाठी सिरॅक्यूसच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी बनविलेले धातूचे उपकरण वापरतात. त्यात टाचेपासून अंगठ्यापर्यंतच्या लांबीबरोबर टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचे अंतर आणि रुंदी अशी तीन मापे मिळतात, व त्यांतले मधले माप मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण जोडा जेथे वाकतो तेथेच पाऊल वाकले नाही तर लांबी बरोबर असूनही चालणे सुखाचे होत नाही. या मापापेक्षा अर्धा किंवा एक नंबर लहान मोकॅसिन घ्यावा, असे पुष्कळ कारखानदार सांगतात. तथापि फर्मा बदलला की हिशेब बदलतो, म्हणून त्या त्या कारखान्याचा सल्ला प्रमाण मानावा. लहानपणापासून अनवाणी वा चपलेत वावरलेले पाऊल चवड्याशी पसरट असते, आणि आपल्याकडील दुकानांतून रुंदीची निराळी मापे क्वचितच ठेवलेली आढळतात. अशा वेळी लांबी वाढवून रुंदी मिळविण्याचा मोह होतो, पण तो जोडा दोन महिन्यांत टाचेतून निसटू लागतो. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते. दोन पावलांत जे मोठे असेल त्याला प्राधान्य द्यावे. मोजे घालणार नसाल तर अनवाणी पायानेच घालून पाहावे. नव्या जोड्यात टाच किंचित उचलली गेली तर घाबरू नये, तळ वाकू लागला की ते थांबते.

पायाच्या कमानीला आधार लागणाऱ्या माणसाने, किंवा दिवसभर फरशीवर उभे राहण्याचे ज्याचे काम आहे त्याने, या जोड्याच्या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निगा राखणे हे बव्हंशी स्वतःला आवरण्याचे काम आहे. घामाने ओले झालेले कातडे वाळावयास एका रात्रीपेक्षा अधिक वेळ लागतो, म्हणून एकच जोडा सलग दोन दिवस घालू नये. मधल्या दिवशी त्यात वार्निश न लावलेल्या देवदारी लाकडाचा साचा घालावा, तो न मिळाल्यास वर्तमानपत्राचे बोळे चालतात. भिजलेला जोडा उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवला की कातडे कडक होऊन चुण्यांशी चिरते. खाऱ्या पाण्यात भिजला असेल तर प्रथम गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे, मग सावलीत वाळवावा. तेलाच्या बाबतीत तर लोक अतिरेक करतात. शिकागोच्या हॉर्वीन कारखान्यातील क्रोमेक्सेल हे मोकॅसिनकरिता नावाजलेले कातडे घ्या: तयार होतानाच त्यात तेले, चरबी व मेणे गरम करून मुरविलेली असतात, त्यामुळे वर्षातून दोनतीनदा बोटभर मलम पुरते, एरवी घोड्याच्या केसांचा ब्रश फिरविला की झाले. वारंवार तेल पाजले तर कातडे पिलपिलीत होऊन जोडा आणखी सैलावतो. घरातले खोबरेल किंवा गोडेतेल तर चोळूच नये, त्याचे डाग पडतात व पुढे खवट वास येतो.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. कपाटात कोंडलेल्या जोड्यावर पंधरवड्यात बुरशीची लव उगवते, आणि अधिक तेल पाजलेल्या जोड्यावर ती आधी उगवते. प्लॅस्टिकच्या पिशवीत जोडा बांधून ठेवण्याची पद्धत मुळीच सोडावी. कापडी पिशवी वापरावी आणि उघडीप मिळताच जोडे वाऱ्यावर काढावेत. बुरशी आलीच तर घराबाहेर कोरड्या फडक्याने झटकून, पाणी मिसळलेल्या व्हिनेगरचा हलका हात फिरवावा व पूर्ण वाळू द्यावे.

बोट शूच्या कडेने टाचेमागून फिरणारी चामडी वादी सतत सुटते, ही सार्वत्रिक तक्रार आहे. वादी जराशी ओली करून गाठ मारली की वाळताना ती आवळते. तळ झिजत आला की तो भोक पडण्यापूर्वीच बदलावा, कारण त्याच्या वर पावलाखालचे मूळ कातडेच असते, आणि ते झिजले तर जोडा संपला. पुष्कळ मोकॅसिनांत तळ या कातड्यालाच थेट शिवलेला असतो, म्हणून बदलून शिवताना जुनीच छिद्रे वापरावयास सांगावे आणि चांभाराला खिळा मात्र ठोकू देऊ नये. त्याचे टोक तळपायाला टोचल्यावाचून राहत नाही. चवड्यावरची शिवण उसवली तर कसबी चांभार दोन सुयांनी त्याच छिद्रांतून ती पुन्हा घालतो, पण दोन छिद्रांमधले कातडेच फाटले असेल तर त्या जोड्यावर आणखी पैसे घालू नयेत.