पहिलीच्या वर्गातल्या दोन भाषा



मेळघाटातील शाळेविषयी बोलण्यासाठी मंडळीत गेले की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, “१९ मुले आणि चार वर्ग, दोन खोल्यांत शिकवता तरी कसे?” आणि दुसरा, “त्या मुलांना मराठी येते ना?” पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून हा लेख.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, धारणी तालुक्यातील एका ढान्यावर आहे. ढाना म्हणजे छोटी वस्ती. शाळेत गुरुजी दोन. मी आठवड्यातून चार दिवस पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर असते. पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसते. गोष्ट सगळ्यांना एकच सांगायची, काम मात्र वेगवेगळे द्यायचे. पहिलीने चित्र काढायचे, दुसरीने चित्राखाली शब्द लिहायचा. मोठी मुले लहानांना वाचून दाखवतात. थोडी शिस्त लागली की हे जमते.

खरी अडचण भाषेची आहे. आमची बहुतेक मुले कोरकू आहेत. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारे मूल शाळेत आले तर पुस्तकातली मराठी त्याला थोडी वेगळी वाटते, पण कळते. कोरकूचे तसे नाही. ही मुंडा गटातील भाषा आहे. तिचे नातेवाईक झारखंडकडील मुंडारी आणि संथाळी. मराठीशी तिचे रक्ताचे नातेच नाही. त्यामुळे सहा वर्षांचे मूल पहिलीत येते तेव्हा ते एका परक्या भाषेत बसलेले असते. पुस्तक, फळा, गुरुजींच्या सूचना, सगळे परके. अशी मुले गप्प बसतात, आणि पाहणारा त्यांना ‘मंद’ समजतो.

दोन उदाहरणे देते.

मराठीत तो, ती, ते असे तीन प्रकार आहेत आणि क्रियापदही त्याप्रमाणे बदलते. कोरकूत नामांची विभागणी सजीव आणि निर्जीव अशी होते. स्त्रीलिंग-पुल्लिंगाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. म्हणून आमचे मूल सहज म्हणून जाते, “आई आला.” त्याला हसले की ते पुन्हा तोंड उघडत नाही. त्याच्या भाषेचा नियम ठाऊक असला की हसू येत नाही, आणि नेमके काय शिकवायचे तेही कळते.

दुसरे उदाहरण गणिताचे. कोरकूत एक म्हणजे मिया, दोन म्हणजे बारी, दहा म्हणजे गेल. अकरा म्हणताना दहा आणि एक, बारा म्हणताना दहा आणि दोन असेच म्हणतात. मूल आकडा बोलते तेव्हाच दशक आणि एकक वेगळे होतात. मराठीतला ‘अकरा’ तसा उलगडत नाही, तो पाठच करावा लागतो. शिवाय कोरकूतला ‘बारी’ आणि मराठीतला ‘बारा’ कानाला जवळचे, किंमत मात्र दोन आणि बारा! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा केवढा वाद झाला, हे आपणांस आठवत असेल. आमच्या मुलांना ती पद्धत नवी नव्हती. म्हणून आम्ही चिंचोके आणि काड्यांचे गठ्ठे घेऊन आधी कोरकूत मोजतो. दहाचा गठ्ठा हाताला कळला की मग मराठी नाव देतो.

वाचनाचेही तेच. वाचायला माणूस एकदाच शिकतो. अक्षर आणि आवाज यांची जोडी एकदा डोक्यात बसली की ती दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. पण ही जोडी बसताना शब्दाचा अर्थ ठाऊक हवा. कोरकू देवनागरीत लिहिता येते. आम्ही मुलांच्या तोंडचे शब्द घेतो, ते फळ्यावर लिहितो, आणि त्यांतली अक्षरे आधी शिकवतो. पहिल्या दिवसापासून मराठी गाणी आणि मराठी बोलणेही चालू असते. दिवाळीनंतर मराठीचा वाटा वाढत जातो, आणि दुसरीत मराठी पुस्तक पुढे येते. वस्तीतलीच बारावी झालेली एक ताई या कामात माझ्यासोबत असते. मी शब्द शोधत बसते तेवढ्यात तिचे सांगून झालेले असते.

पालकसभेत एका वडिलांनी या पद्धतीला विरोध केला. ते म्हणाले, “कोरकू तर आम्ही घरी शिकवतोच, बाई. शाळेत पाठवतो ते मराठीसाठी.” त्यांचे म्हणणे खरे होते. मजुरीचा हिशेब, दवाखाना, तहसील, सगळीकडे मराठी न येण्याचा तोटा त्यांनी सोसला आहे. मी त्यांना एवढेच म्हटले, “पोराला मराठी यावी म्हणूनच हे करतो. वर्ग संपेपर्यंत बसून बघा.” ते बसले. मुलगा काड्या मोजून आधी कोरकूत आणि मग मराठीत आकडा सांगत होता. वडील काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून मुलगा रोज येतो.

रोज येणे ही आमच्याकडे मोठी गोष्ट आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी सपाटीवर उतरतात आणि होळीला परततात. शाळेत रमलेले मूल आजीजवळ मागे राहू शकते. ज्याला वर्गात काही कळत नाही ते आईबापांबरोबर जाते. शिवाय २०२३ साली शासनाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार मांडला. आमचा पट १९ आहे. दुसरे गाव म्हणजे मध्ये जंगल, आणि मेळघाट हा वाघांचा प्रदेश. सहा वर्षांच्या मुलाला त्या वाटेने कोण पाठवील?

मातृभाषेतून सुरुवात ही काही आमची नवी कल्पना नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच म्हणतात. आपल्या मिशनरींचेही यात काम आहे: जॉन ड्रेक यांनी लिहिलेले कोरकूचे व्याकरण १९०३ साली कलकत्त्यात छापले गेले. आणि पेन्टेकॉस्टची आठवण आपण दरवर्षी करतो. त्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. आधी दुसरी भाषा शिकून या, असे कोणाला सांगितले गेले नाही.

अनेक मंडळ्या प्रेमाने इंग्रजी तक्ते पाठवतात. त्यांचे आभार, चौथीत ते उपयोगी पडतील. पहिलीसाठी मात्र मोठ्या, कोऱ्या चित्रांची आणि जाड कागदाच्या वह्यांची गरज आहे. त्यांत शब्द आम्ही लिहू, मुलांना विचारून. आणि ताईचे मानधन वर्षभर टिकले तर जूनमध्ये येणाऱ्या चार नव्या मुलांना पहिल्याच दिवशी आपल्या भाषेत कोणीतरी विचारील, “जेवलास का?”