‘साधं टाकू का पॉवर?’ पेट्रोलमधल्या ऑक्टेनची भानगड नेमकी काय आहे?

ढोकीत पेट्रोल पंपावर गाडी लावली की पहिला प्रश्न येतो, “साधं टाकू का पॉवर?” तुम्ही जरा घुटमळलात की लगेच पुढचं वाक्य येतं, “पॉवर टाका की, गाडी पळती बघा.”

मागे चार गाड्या उभ्या असतात, हॉर्न वाजत असतो. अशा वेळी खिशात २०० रुपये असलेला कॉलेजचा पोरगाही म्हणून जातो, “टाका मग पॉवर.”

पण त्या जादाच्या पैशांतून गाडीला खरंच काही मिळतं का? त्यासाठी आधी ऑक्टेन समजून घ्यावं लागतं. आणि ऑक्टेनचा एक धागा थेट ढोकीच्या उसापर्यंत येतो.

ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, दम

उसाचं पाचट काडी लावायच्या आत भडकतं. बाभळीचं ओंडकं मात्र सहजासहजी पेट घेत नाही. पेट्रोलचंही तसंच असतं. काही पेट्रोल लवकर पेट घेतं, काही दम धरतं. हा दम मोजायचा आकडा म्हणजे ऑक्टेन.

इंजिनमध्ये पिस्टन वर येतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो. आपल्या रोजच्या बाइकमध्ये हे मिश्रण साधारण दहा पट दाबलं जातं. दाबलं की ते तापतं. मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो.

गडबड कुठे होते? ठिणगीनंतर आग पसरत असते आणि ती पोहोचायच्या आतच उरलेलं मिश्रण उष्णतेने स्वतःहून पेटतं. एका सिलिंडरमध्ये दोन आगी लागतात. त्यातून जो टकटक आवाज येतो, त्याला मेकॅनिक म्हणतो, “इंजिन नॉक करतंय.” येडशीच्या रामलिंग घाटात ट्रिपल सीट गाडी वरच्या गिअरमध्ये ओढली की असा आवाज येऊ शकतो. तो कायम राहिला तर पिस्टनचं नुकसान होतं.

ऑक्टेन जितकं जास्त, तितकं पेट्रोल जास्त दाब सोसतं. बस, एवढाच त्याचा अर्थ. जास्त ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमध्ये जास्त ऊर्जा, असा अर्थ अजिबात होत नाही.

हा आकडा ठरवायला दोन द्रव्यं धरतात. आयसो-ऑक्टेन नॉकिंगला चांगला विरोध करतं, म्हणून त्याला १००. नॉर्मल हेप्टेन लगेच नॉक करतं, म्हणून त्याला ०. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल चाचणीच्या इंजिनमध्ये ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं.

तुमचा भाऊ अमेरिकेत असेल आणि “आमच्याकडे तर ८७ वर गाड्या पळतात” म्हणत असेल, तर गोंधळू नका. तिकडे मोजायची पद्धत वेगळी आहे. तिथलं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१.

मग गाडीला कोणतं पेट्रोल लागतं?

हे ठरवते तुमच्या गाडीची कंपनी. गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल काढा, त्यात किमान ऑक्टेन किती हवं ते दिलेलं असतं. ‘रॉन ९१’ असं काही दिसेल. रॉन ही आपल्याकडची ऑक्टेन मोजायची पद्धत.

१०० ते १२५ सीसीच्या बाइक, स्कूटर आणि बहुतेक छोट्या कार साध्या पेट्रोलवर चालतील अशाच बनवलेल्या असतात. त्यांच्यात ९७ किंवा १०० ऑक्टेन टाकलं म्हणून इंजिन जास्त ताकद देत नाही. जो दाब तयारच होत नाही, तो सोसायची क्षमता विकत घेऊन उपयोग काय?

काही टर्बो पेट्रोल कार, महागड्या जर्मन गाड्या आणि जास्त कॉम्प्रेशनच्या स्पोर्ट्स बाइकची गोष्ट वेगळी. त्यांच्या मॅन्युअलमध्ये ९५ किंवा त्याहून जास्त सांगितलं असेल तर ते टाकावंच लागतं. अशा गाड्यांत नॉक सेन्सर असतो. कमी ऑक्टेन मिळालं की तो ठिणगीची वेळ मागे ढकलतो. इंजिन वाचतं, पण पिकअप आणि मायलेज दोन्ही घटतं.

प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजिन साफ ठेवणारी ॲडिटिव्ह्ज असतात, हे खरं. पण ती ऑक्टेनपेक्षा वेगळी गोष्ट आहे.

आता येतो ढोकीचा ऊस

ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हा मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी कारखान्यांपैकी एक. या पट्ट्यात ऊस म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. उसापासून साखर होते, उरते ती मळी. या मळीपासून किंवा थेट उसाच्या रसापासून इथेनॉल बनतं. ते मका आणि तुकडा तांदळापासूनही बनतं.

हे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. २० टक्के इथेनॉल असलेलं ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बाजारात आलं. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० साठी होतं, ते २०२५ मध्येच गाठलं गेलं.

गंमत अशी की इथेनॉलचं ऑक्टेन फार जास्त आहे. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार इथेनॉलचं ऑक्टेन सुमारे १०८.५ आहे, तर नुसत्या पेट्रोलचं ८४.४. आपल्याकडचं साधं पेट्रोल बीएस-२ च्या काळात ८८ ऑक्टेनचं होतं, बीएस-६ मध्ये ते ९१ झालं आणि ई-२० मुळे ते ९५ वर गेलं, असं मंत्रालय सांगतं.

म्हणजे ज्या ९५ साठी आपण जादा पैसे मोजायचो, ते ऑक्टेन आता साध्या नोझलमधूनच येतंय.

ऑक्टेन वाढलं, मग मायलेज का घटलं?

कारण दम आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात याचे आकडे आहेत. मूळ बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या कारचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटू शकतं, तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्के. ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या कारमध्ये ही घट १ ते २ टक्के.

हिशोब करून बघू. समजा तुमची बाइक ६० चं मायलेज देते आणि महिन्याला ६०० किलोमीटर चालते. मायलेज ५८ वर आलं तर महिन्याला साधारण ३५० मिली पेट्रोल जास्त लागेल, म्हणजे ३५ ते ४० रुपये. आता ते भरून काढायला तुम्ही लिटरमागे ८ रुपये महाग असलेलं प्रीमियम टाकलं, तर १० लिटरचे ८० रुपये वाढले. दुखणं ४० चं आणि औषध ८० चं! शिवाय प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉलचं, असं समीकरण नाही.

जुनी गाडी असेल तर काय बघायचं?

एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० ला टिकतील असे बनवले जाऊ लागले. गावाकडे मात्र दहा-पंधरा वर्षं जुन्या बाइक रोज रस्त्यावर असतात. खरा प्रश्न त्यांचा आहे. जुन्या गाडीत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे मंत्रालयानेही मान्य केलंय. त्यामुळे:

– सर्व्हिसिंगला पेट्रोलची नळी आणि फिल्टर आवर्जून तपासून घ्या. नळी फुगली, चिरली किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर लगेच बदला.

– इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट आहे ना ते बघा आणि महिनोन् महिने गाडी उभी ठेवू नका.

– इंजिन नॉक करत असेल तर आधी मेकॅनिकला दाखवा. इंजिनमध्ये साठलेला कार्बन, चुकीचा स्पार्क प्लग किंवा बिघडलेलं टायमिंग ही कारणंही असू शकतात.

– पंपावर शंका आली तर पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा म्हणा, फिल्टर पेपर मागा. तो तुमचा हक्क आहे. पण फिल्टर पेपरवर ऑक्टेन कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतलं खास इंजिन लागतं.

तर आता पंपावर “साधं का पॉवर?” विचारलं की मॅन्युअलमधला आकडा आठवा. तो ९१ असेल तर बिनधास्त सांगा, “साधंच टाका.” आणि मीटरवर शून्य आलंय का, तेवढं मात्र बघा!