कॅनच्या कड्या

संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात पोत्यावर बसून क्रँकचं ऑइलसील उचकटत होतो. "खान्देशातल्या जुन्या फटफट्यांचा आढावा द्या," ते म्हणाले, "पण सर, या वेळी सगळा लेख राजदूतवर नको." होईल तेवढं पाळतो.

सुरुवातीचं आटोपून टाकू. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावांतून सुटलेल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस आपल्याकडेही पोचल्या. धुळ्यात जुन्या आग्रा रोडवर लहानपणी मी एक बीएसए नेहमी पाहायचो. मालक तिच्यावर बसलेला कधी दिसला नाही, ढकलतानाच दिसायचा. त्या गाड्यांवर पुण्या-मुंबईची मंडळी भरपूर लिहितात, त्यांनी लिहावं.

आपल्याकडचा छंद पोसला तो परमिटच्या काळातल्या तीन घरांनी. मद्रासची बुलेट 1955पासूनची. म्हैसूरची जावा 1961पासूनची. 1973ला ती येझदी झाली आणि 1996ला कारखान्याला कुलूप लागलं. तिसरी फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत. जावावाल्यांचा तर पंथच आहे. गियरचाच दांडा वळवून किक मारायची, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि आवाज ऐकून डोळे मिटायचे. बुलेटवाल्यांचं देवघर वेगळं. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेशनची कळ दाबायची, पिस्टन केसभर पुढे सरकवायचा आणि मग किक. चुकलात तर नडगी गेली. उजव्या पायाला गियर आणि डाव्याला ब्रेक असलेली ती कास्ट आयर्नची बुलेट मलाही आवडते. पण हल्ली लग्नाआधीच्या व्हिडिओत नवरदेव तिच्यावर बसतो आणि ती चालू करायला मित्र लागतो, तिथे मी मान फिरवतो.

खान्देशाची खरी खासियत डिझेल बुलेट. पेट्रोलचा भाव ऐकून घाम फुटलेल्या शेतकऱ्यानं शेतातल्या डिझेल पंपाकडे पाहिलं आणि त्याच जातीचं इंजिन दोन चाकांवर असलेलं त्याला पटलं. लिटरला 70 किलोमीटर सहज. वेग बैलगाडीहून बरा, आवाज दळणाच्या चक्कीचा, आणि हादरे असे की पारोळ्याहून एरंडोलला पोचेपर्यंत खिशातले पेढे एकजीव. आज ही गाडी जतन करणारे कमी, कारण तिला फोटोत भाव नाही. सापडली तर सोडू नका.

आता राजदूत. एका ज्येष्ठ जाणकारांनी (नाव घेत नाही, त्यांच्याकडे चार जावा आहेत आणि पाचवीवर डोळा आहे) मागे लिहिलं की राजदूत ही गवळ्याची गाडी, तिला अभिजात म्हणणं म्हणजे म्हशीला शर्यतीत उतरवणं. मी तेव्हाच पत्र पाठवलं होतं, छापलं नाही. आज इथे छापून घेतो.

ही गाडी मुळात पोलंडची. तिकडच्या किएल्त्से शहरातली एसएचएल एम-11, तिचा परवाना घेऊन एस्कॉर्ट्सनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती इथे आणली. नावाला 175, प्रत्यक्षात 173 सीसी, गियर तीनच. तिचा पुढचा भाग पाहा. इतर गाड्यांना पुढे एकात एक सरकणारे पाइप असतात. हिला मागच्या चाकासारखाच झुलता हात आणि दोन शॉकअब. या रचनेचा गुण असा की पुढचा ब्रेक दाबला तरी गाडीचं तोंड खाली बसत नाही. मागे दोन्ही अंगांना 40-40 लिटरचे कॅन लटकलेत, पहाटेचे साडेचार वाजलेत, समोर अचानक म्हैस आली, अशा वेळी नाक न खुपसणारी गाडी कुणी ओळखली? गवळ्यानं. म्हणजे इंजिनिअरिंग त्यालाच कळलं होतं. चार जावावाल्यांनी यावर विचार करावा.

तिची भावंडंही होती. 1973च्या ‘बॉबी’त ऋषी कपूरनं फिरवलेली बुटकी जीटीएस, आणि 1983ची राजदूत 350, जी मुळात यामाहाची आरडी. आपल्याकडे ती पेट्रोल पिते म्हणून बदनाम झाली, लोकांनी मातीमोल विकली, आणि आता तिचे पार्ट जळगावच्या सराफ बाजारात तोलून घ्यावेत अशा भावात जातात. ती माझ्या कुवतीबाहेर आहे, म्हणून तिच्याबद्दल इतकंच.

1985च्या आसपास जपानी शंभर सीसी आल्या. आरएक्स 100 सोडली तर त्या काळावर लिहिण्यासारखं काही नाही. गाड्या बिघडेचनात. माणूस गाडीशेजारी बसेनासा झाला.

घरी गाडी उघडणाऱ्याला आपल्या भागात जे गुरू मिळाले, ते मासिकांतून मिळाले नसते. मला पॉइंटचं टायमिंग शिकवलं ते भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका फिटरनं. वाफेच्या इंजिनांवर आयुष्य गेलेला माणूस, त्याला माझं इंजिन खेळण्यासारखं वाटायचं. पतंगाच्या कागदाची पट्टी पॉइंटच्या फटीत धरायची, मॅग्नेट हातानं सावकाश फिरवायचं, कागद ज्या क्षणी सैल होऊन सुटतो तिथे पॉइंट उघडला. ती जागा खुणेशी जुळवायची. पुढे 31 वर्षं मी आयटीआयमध्ये पोरांना फिटर ट्रेड शिकवला, पण हा कागद अभ्यासक्रमात नव्हता, म्हणून तासानंतर शिकवला.

धूर वाचायलाही त्या फिटरनंच शिकवलं. टू-स्ट्रोकच्या क्रँकला दोन्ही बाजूंनी ऑइलसील असतात. गियरकडचं गेलं की इंजिन गियरचं ऑइल ओढतं आणि मागे पांढुरक्या धुराचा पोळा फुटतो. ते दिसतं, म्हणून माणूस दुरुस्त करतो. मॅग्नेटकडचं गेलं तर दिसत काहीच नाही. तिथून नुसती हवा आत शिरते, पेट्रोल आणि त्यातलं ऑइल कमी पडतं, गाडी उलट चपळ झाल्यासारखी वाटते, मालक खूश होतो, आणि मे महिन्यात 45 अंशांत नशिराबादच्या पुढे पिस्टन सिलिंडरला चिकटतो. मग रिबोर, 0.25चा पिस्टन, पुढच्या खेपेला 0.50चा. एका ऑइलसीलच्या आळसापायी सिलिंडरचं आयुष्य असं पायरीपायरीनं उतरतं. सध्याच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं हे दुखणं वाढवलंय. जुनं रबर त्याला टिकत नाही, आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली की त्यानं ओढलेलं पाणी टाकीच्या तळाला गंज चढवतं.

टाकीचा गंज काढायची खान्देशी रीत लिहून ठेवतो. टाकीत मूठभर जुने नटबोल्ट, वर चिंचेचं पाणी, तोंड घट्ट बंद, टाकी गोधडीत गुंडाळून ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला बांधायची. ट्रॅक्टर शेतात जाऊन परत आला की टाकी आतून मोकळी. मग सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच वाळवायची. पोचे काढायला मी सोनगीरला जायचो. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या तांबटाला पत्र्याची ओढ कळते. डेंटरसारखा तो पुट्टी भरत नाही, आतून हळूहळू पत्रा समजावतो. आणि सायलेन्सरची आतली नळी काजळीनं तुंबली तर भरिताचं वांगं भाजावं तशी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, गार झाली की दगडावर हलकेच आपटायची. घरातून काय बोलणी बसतात ते आपलं आपण सोसायचं.

आता भांडणाचा विषय. गेल्या काही वर्षांत मागचं मडगार्ड कापायचं, सीट फळीएवढी करायची, सगळं काळं फासायचं आणि त्याला इंग्रजी नाव द्यायचं, अशी टूम आली. जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला दर महिन्याला एखादी तरी येझदी अशी भादरलेली दिसते. पोरं म्हणतात, सर, ही कला आहे. कायदाही त्यांच्या बाजूनं नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदलाला मनाई करणारं 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, त्यावर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019मध्ये पुन्हा शिक्का मारला. पण मला कायद्याशी कर्तव्य नाही. सौराष्ट्रात अमरेलीकडच्या एका शेतकऱ्यानं 1994मध्ये बुलेटचं मागचं चाक काढून तिथे कोळपणीचं अवजार जोडलं, बुलेट सांती म्हणून ती गाजली. तिला मी हात जोडतो. बैल परवडेना म्हणून गाडी बदलली. आमची पोरं फोटोसाठी बदलतात.

दुसऱ्या टोकाला शोरूमवाले. यांची गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाही इतकी चकचकीत नव्हती. पाच थर रंग, सगळ्याला क्रोम, मूळ बोल्ट भंगारात. हे लोक स्वतःला जतन करणारे म्हणवतात. धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाडे राहिले आणि 1926ला तिथेच गेले. गावोगाव पायपीट करून त्यांनी दप्तरं गोळा केली. त्यांतला एखादा कसर लागलेला कागद हाती आला असता तर त्यांनी तो सुवाच्य अक्षरात नवा लिहून जुना चुलीत घातला असता का? माझा नियम साधा आहे. इंजिन आतून नवं करा, ब्रेक नवे करा, वायरिंग नवं करा, आणि अंगाला हात लावू नका.

हा नियम मला महागात पडून सुचला. 1996 साली साक्रीकडच्या एका गवळ्याकडून मी 1978ची राजदूत घेतली. मागच्या कॅरिअरला दोन्हीकडे लोखंडी कड्या वेल्ड केलेल्या, कॅन घासून घासून मडगार्डवर चंद्रकोरीसारखी चकाकी आलेली, टाकीवर पेंटरनं काढलेलं त्याच्या मुलीचं नाव. मी काय केलं? ग्राइंडरनं कड्या उडवल्या, सगळं घासून पत्र्यापर्यंत आणलं, आणि चेरी रंग मारून घेतला. दोन महिन्यांनी गाडी माझ्या नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सही करायला तो घरी आला. गाडीला एक फेरी मारली, हँडलवर हात ठेवला आणि म्हणाला, "गाडी चांगली शे भाऊ. पन हाई मनी नही." चहा पिऊन गेला. त्या नावाचं अक्षर कसं होतं ते मला आठवत नाही. फोटो काढायचं सुचलं नव्हतं.

मागच्या वर्षी चेरी रंग तसाच ठेवून मी लोहाराकडून कड्या करून घेतल्या. माप अंदाजानं सांगितलं, तरी बऱ्या बसल्या. 2028ला गाडीची पन्नाशी भरते. 2021च्या नियमानुसार मग तिला व्हिंटेजचा व्हीए मालिकेतला नंबर मिळू शकतो. मित्र म्हणतात, अर्ज करा, 20,000 रुपये भरा, मान मिळेल. पण त्या नंबरची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनाबिदर्शनालाच न्यायची. ते मला जमणारं नाही. मडगार्डावरची चंद्रकोर परत यायला कड्यांना कॅन लटकायला हवेत. पहाटे पाचला मी मेहरूणकडे दूध आणायला जातो. दोन किटल्या, दोन्ही मिळून दीड लिटर. घरात माणसं दोनच.