खांदा आलेला बैल आणि माहेरी आलेली लेक



बैलाचा खांदा आला की आपण त्याला जुंपत नाही. औषध लावतो, गोठ्यात विसावा देतो, पेरणी अडली तर शेजाऱ्याची जोडी मागून आणतो. मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला मात्र चौथ्या दिवशी बसमध्ये बसवून देतो. “तुझाच नवरा आहे, जरा नमते घे,” एवढे औषध तिला पुरे!

हे मी तुम्हांला तोऱ्याने सांगत नाही. काही वर्षांपूर्वी अशीच एक बहीण माझ्याकडे आली. मी नवराबायकोला समोरासमोर बसवले, समेट केला, आशीर्वाद दिला. नवऱ्यासमोर ती बिचारी काय बोलणार? घरी गेल्यावर “फादरांना सांगितलेस” म्हणून पुन्हा मार बसला आणि हात मोडला. तेव्हापासून अशा बाईचे म्हणणे मी नवऱ्याला न बोलावता ऐकतो.

“फादर, लग्न हा संस्कार, तो कसा मोडायचा?” असे पुष्कळजणी विचारतात. लग्न न मोडताही वेगळे राहता येते. ख्रिस्तसभेच्या १९८३च्या धर्मसंहितेतील कलम ११५३ सांगते की, जोडीदारामुळे आपल्या किंवा मुलांच्या जिवाला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ते योग्य कारण आहे. त्यासाठी बिशपांचा हुकूम घ्यावा. पण थांबण्यातच धोका असेल तर स्वतःच्या निर्णयाने निघावे. अशा स्त्रीला ख्रिस्तप्रसाद घेण्यास कोणतीही आडकाठी नाही.

सरकारी कायदाही तिच्या बाजूने आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. मारहाणच नव्हे, तर सततचा अपमान, शिवीगाळ, पैसे अडवणे हीदेखील त्यात हिंसा धरली आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले, तरी तिला मनमानीने बाहेर काढता येत नाही. ती संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकते. वकील सरकारकडून फुकट मिळतो. शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर खटला होत नाही. रात्री भिंतीपलीकडून ओरडणे ऐकून कूस बदलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दारूमुळे होते, असे म्हणतात. दारूने भर पडते खरी, पण तोच गडी प्यायलेला असताना फौजदारावर हात टाकत नाही.

दवाखान्यात “जिन्यावरून पडले” असे सांगू नये. खरे कारण डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्यावे. पुढे तोच कागद कामी येतो. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले विश्वासातल्या घरी ठेवावेत. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर तोंडपाठ करावेत. निघून गेलेली बाई कोठे उतरली आहे, हे मात्र कोणालाही सांगू नये, गोड बोलून विचारणाऱ्या दिराला तर नाहीच.

आणखी एक. ज्या घरी असा त्रास आहे, तेथे फवारणीच्या औषधाचे डबे माजघरात ठेवू नयेत. शेजाऱ्यांनी ते आपल्या खोपीत कुलपाखाली ठेवून घ्यावेत.