चरकाचा गिअर तुटला तर : नवा बसवण्याआधी



गिअर हा काही माझा विषय नव्हे. मी शेतकी पदविकेचा माणूस. बेणे, लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांवर एरवी या पानात लिहीत असतो. परंतु आपल्या गटांतील बऱ्याच सभासदांची मुले उन्हाळ्यात रसवंती चालवतात, आणि गिअर तुटला की पहिली तक्रार घेऊन गट ऑफिसात येतात. रसवंतीला ऊस जावा म्हणून हा लेख लिहिला आहे, असे मात्र कोणी समजू नये!

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमरावती–परतवाडा रस्त्यावर आपल्या एका सभासदाच्या मुलाने रसवंती टाकली. एप्रिल लागला, ऊन चढले, गिऱ्हाईक जमले आणि नेमका चरकाचा लहान गिअर तुटला. त्याने वेल्डिंग करून आणले, ते चार दिवसांत गेले. मग नवा बिडाचा गिअर टाकला, तो पंधरा दिवस टिकला. शेवटी तुकडे दुपट्ट्यात बांधून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, पुन्हा तुटला ना जी! आता काय करू, तुमीच सांगा."

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "बिडाचा कायले टाकतं भाऊ? पोलादाचा करून घे. जन्मभर पाहाचं काम नाही."

पोराने ऐकले. पोलादी गिअर दहा दिवस चालला आणि अकराव्या दिवशी त्याच्या जोडीचे मोठे चाक फुटले. खर्च कितीतरी पटीने वाढला आणि मे महिन्याच्या भर उन्हात रसवंती बंद राहिली. सल्ला माझा होता, नुकसान त्याचे झाले. तेव्हा मी कारखान्याच्या मिल हाऊसमधील एका जुन्या फिटरदादांना सुट्टीच्या दिवशी सोबत घेऊन गेलो. त्यांनी चरकाचा रूळ दोन्ही हातांनी धरून हलवला आणि म्हणाले, "गिअरची काय चूक जी? बुश पाहा ना." त्या दिवशी जे शिकलो, ते सर्वांच्या कामी यावे म्हणून येथे देत आहे.

चरकात गिअरचे काम काय?

मोटर वेगाने फिरते, पण तिच्यात जोर कमी असतो. उसाला हळू फिरणारा आणि भरपूर जोराचा रूळ लागतो. हा वेग कमी करण्याचे आणि जोर वाढवण्याचे काम पट्टा आणि गिअर करतात. एक उदाहरण घेऊ. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तिची पुली ४ इंची आणि समोरची २४ इंची असेल, तर २४० फेरे उरतात. पुढे १८ दातांचा गिअर ५४ दातांच्या चाकाला फिरवतो, राहिले ८०. त्यापुढे १५ दातांचा गिअर ७५ दातांच्या चाकाला फिरवतो, राहिले १६. वेग ९० पटीने घटला, म्हणजे घर्षणात जाणारा भाग सोडला तर जोर जवळजवळ ९० पट झाला. हा सगळा जोर शेवटच्या जोडीच्या एक-दोन दातांवर येतो. म्हणून बहुतेक वेळा शेवटचाच लहान गिअर तुटतो. शिवाय मोठे चाक एकदा फिरेपर्यंत १५ दातांचा गिअर पाच फेरे घेतो. त्याचा प्रत्येक दात पाचपट राबतो आणि तितकाच लवकर झिजतो.

दात का तुटतो?

पहिले कारण, रुळांमधील अंतर. रुळांच्या टोकांवर एकमेकांत अडकणारे गिअर असतात. रूळ लांब केले की हे गिअरही लांब जातात आणि दातांचे नुसते शेंडे शेंड्यांना टेकतात. फांदीला बुंध्याजवळ लोंबकळले तर ती सहन करते. शेंड्याला लोंबकळले तर मुळाशी कडकडते. दाताचेही तसेच आहे. उलट रस जास्त निघावा म्हणून बोल्ट फारच आवळले, तर दात समोरच्या खाचेच्या तळाला भिडतात आणि गिअर घरघरत फुटतो.

आपल्या कारखान्याच्या मिलमध्येही तीनच रूळ एका संचात असतात. वरचा रूळ खालच्या दोघांना ज्या गिअरने फिरवतो, त्याला क्राउन पिनियन म्हणतात. उसाचा थर जाड आला की वरचा रूळ हायड्रॉलिक दाबाविरुद्ध थोडा उचलला जातो. तेवढ्यातही दात सुटू नयेत म्हणून क्राउन पिनियनचे दात मुद्दाम लांब ठेवलेले असतात. रसवंतीच्या चरकाचे रूळ बहुधा बोल्टने जाम केलेले असतात. त्यामुळे जास्तीचा भार आला की तो सरळ दातावर जातो.

दुसरे कारण, झिजलेले बुश. बुश झिजला की कोणी बोल्टला हात न लावताही रूळ भाराखाली बाजूला सरकतो आणि वरचाच प्रकार घडतो. आमच्या पोराच्या चरकात हेच झाले होते. मोटर बंद करून, पट्टा काढून, रूळ हाताने वर-खाली हलवून पाहावा. हाताला खेळ जाणवला तर आधी बुश बदलावा, नंतर गिअर.

तिसरे कारण, घडी. एकदा पिळलेल्या चिपाडाची दुहेरी-तिहेरी घडी करून, आत लिंबू आणि आले घालून आपण ती पुन्हा चरकात सारतो. सगळ्यात मोठा झटका याच वेळी बसतो. घडी एकाच ठिकाणी जाड न ठेवता पसरून द्यावी. उसाच्या मोळीतून येणारा खडा किंवा तारेचा तुकडाही असाच घात करतो.

चौथे कारण, गरजेपेक्षा मोठी मोटर आणि फार ताणलेला पट्टा. पट्टा घसरला की आपल्याला राग येतो. परंतु अडचणीच्या वेळी पट्टा घसरतो म्हणूनच गिअर वाचतो. यंत्रात कुठेतरी एक स्वस्त आणि चटकन बदलता येणारा भाग कच्चा ठेवावाच लागतो. ट्रॅक्टरच्या अवजारांना शिअर बोल्ट असतो तो याचसाठी. मी लहान गिअर पोलादाचा करायला सांगितला आणि बाकी दोष तसाच ठेवला; म्हणून तोड स्वस्त भागावरून महागड्या भागावर गेली.

माप कसे घ्यावे?

नुसता तुकडा घेऊन बाजारात गेल्यास बहुधा "याच्यासारखाच" म्हणून भलताच गिअर हाती पडतो. तेव्हा पुढील माप वहीत लिहून न्यावे.

तुटलेल्या दातांसह सर्व दात मोजावेत. शेंड्यापासून समोरच्या शेंड्यापर्यंतचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजावा. या व्यासाला दातांची संख्या अधिक दोन, याने भागावे. १८ दात आणि १२० मिमी व्यास असेल तर १२० भागिले २०, म्हणजे ६. याला मॉड्यूल म्हणतात. जोडीच्या दोन्ही चाकांचे मॉड्यूल एकच असावे लागते. दात विषम असतील तर एका दातासमोर खाच येते आणि माप कमी भरते. अशा वेळी मधल्या छिद्राच्या कडेपासून दाताच्या शेंड्यापर्यंत मोजावे, त्यात छिद्राचा अर्धा व्यास मिळवावा आणि येईल ते दुप्पट करावे.

गिअरचा पार चुरा झाला असेल तरी हरकत नाही. शाबूत जोडीदारावरून मॉड्यूल काढावे आणि दोन शाफ्टांच्या केंद्रांतील अंतर मोजावे. अंतर २१६ मिमी असेल तर त्याची दुप्पट ४३२, भागिले ६, म्हणजे दोन्ही चाकांचे मिळून ७२ दात. जोडीदाराचे ५४ वजा केले की हरवलेल्या गिअरचे १८ दात निघतात.

येथे एक फसगत संभवते. लोखंडी रुळांचा बैलचरक १८७० च्या दशकात बिहारमधील बिहिया येथे थॉमसन आणि मिल्न यांनी काढला. महाराष्ट्रात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून नांगरांबरोबर उसाचे चरकही गावोगाव गेले. त्या काळचा सारा हिशेब इंचांचा होता. जुन्या इंची मापातील ४ पिचचा गिअर मॉड्यूलमध्ये ६.३५ भरतो. ६ मॉड्यूलच्या शेजारी ठेवला तर तो डोळ्यांना सारखाच दिसतो, पण दोघांची जोडी लावली की दात खाऊन टाकतात. भागाकार ५.९ च्या आसपास आला तर झिजेमुळे घट झाली असे समजून ६ धरावा. ६.३ च्या पुढे आला तर चरक इंची आहे असे समजावे. क्राउन पिनियनसारख्या लांब दातांच्या गिअरला मात्र हे गणित लागू नाही. त्याचा नमुनाच न्यावा लागतो.

कापावा की ओतावा?

लहान गिअर मिलिंग मशीनवर कापून घ्यावा. अमरावती आणि अकोल्याच्या एमआयडीसीत अशी कामे होतात. कारागीर डिव्हायडिंग हेडची मूठ ४० वेळा फिरवतो तेव्हा गिअर एक फेरा घेतो. १८ दातांसाठी दर दाताला दोन पूर्ण फेरे आणि १८ छिद्रांच्या वर्तुळावर चार छिद्रे पुढे जावे लागते. एकदा जरी छिद्र चुकले तरी शेवटचा दात बारीक निघतो. म्हणून गिअर हाती आल्यावर पहिला आणि शेवटचा दात शेजारी शेजारी ताडून पाहावा. कटरही दातांच्या संख्येप्रमाणे बदलतो. १७ ते २० दातांना सहा नंबरचा कटर लागतो, ३५ ते ५४ दातांना तीन नंबरचा. नंबर विचारण्यात संकोच करू नये. चांगला कारागीर आनंदाने सांगतो. लहान गिअरला साधारण ईएन ८ पोलाद वापरतात.

मोठे चाक बिडाचे ओतून घ्यायचे असल्यास जुनेच चाक साचा म्हणून देऊ नये. बीड थंड होताना शंभराला एक या प्रमाणात आक्रसते. ३०० मिमीचे चाक सुमारे ३ मिमीने लहान निघेल, शिवाय जुनी झीजही नव्या चाकात उतरेल. साचा तेवढा मोठा करून घ्यावा.

मोठ्या चाकाचा एखादाच दात गेला असेल तर त्या जागी पोलादी खुंट्या आटे पाडून बसवायच्या, पितळी भरणा करायचा आणि कानशीने दात घडवायचा, ही जुनी रीत आहे. हंगाम निभावण्यापुरती ती चालते. बिडाला साधे वेल्डिंग केले तर शेजारी नवी भेग पडण्याचा संभव असतो.

काही जण गिअरची कटकट नको म्हणून पट्टा लावतात. मोटरकडच्या पहिल्या टप्प्याला पट्टा योग्य आहे. रुळाजवळच्या शेवटच्या टप्प्याला तो लावू नये. तेथील जोर पट्ट्याला पेलत नाही.

बसवताना

लहान गिअर फार झिजला असेल तर जोडीदारही पाहावा. त्याचे दात टोकदार झाले असतील तर दोन्ही एकदम बदलावेत. नव्या दाताला जुना झिजलेला दात टेकला की नवाही लवकर बिघडतो. शाफ्ट वाकडा नाही ना आणि चावी खाचेत घट्ट बसते ना, हेही पाहावे. नंतर दातांमध्ये पोस्टकार्डाइतका जाड कागद ठेवून अंतर लावावे. कागद फाटला तर फार आवळले. सैल सुटला तर फार लांब. शेंदूर तेलात कालवून एका चाकाच्या दातांना लावावा आणि हाताने एक फेरा द्यावा. दुसऱ्या चाकाच्या दातांवर ठसा पूर्ण रुंदीभर उमटला पाहिजे. एकाच कडेला उमटला तर शाफ्ट तिरपा आहे. हे सर्व पट्टा काढलेला असतानाच करावे.

गिअरला ग्रीस लावावे, पण ते रसाच्या ताटात उतरणार नाही अशी आडपट्टी असावी. रोज रात्री रूळ धुऊन पुसावेत. रस आंबट होतो आणि लोखंड खातो.

झाकण

शेवटची गोष्ट मी विसरूच शकत नाही. माझ्या डाव्या करंगळीला वरचे पेर नाही. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या गुऱ्हाळात गिअरचे झाकण दुरुस्तीसाठी काढले होते, आणि "उद्या लावू" म्हणून ते कुडाला टेकवून ठेवले होते. त्या उद्याच्या आतच माझा हात आत गेला. वडील त्यानंतर कितीतरी वर्षे माझ्या हाताकडे पाहणे टाळत. त्यांनी मला कधी काही म्हटले नाही, आणि मीही त्यांना नाही. गिअर नवा बसवला आणि झाकण बाजूला राहिले, तर दुरुस्ती झाली असे समजू नये. दुपट्टा, ओढणी, बांगडी, लहान मुलांचे हात, चालत्या गिअरला सर्व सारखेच. कडबा-कुट्टी यंत्रालाही हेच लागू आहे.

त्या पोराच्या रसवंतीत बुश बदलले, मोठे चाक नवे ओतले आणि पट्टा थोडा सैल केला. तोच पोलादी गिअर उरलेला हंगाम चालला. मोठ्या चाकाचा निम्मा खर्च मी देऊ केला होता. त्याच्या वडिलांनी तो घेतला नाही. "साहेब, तुमी बेण्याचं सांगत जा, गिअरचं राहू द्या," एवढेच हसून म्हणाले.

तरी एवढे एक सांगतो. आपला गिअर तुटला तर नवा आणण्याआधी जुना का तुटला ते शोधा. चरक गावातच तपासता येत असेल तर उत्तम. नसेल तर मापे लिहिलेली वही घेऊन गट ऑफिसात या. फिटरदादांना विचारून उत्तर कळवण्याची व्यवस्था करतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी